ओल्या हातांचा फोन

प्रश्न : आई म्हापशाच्या बाजारात मासळी विकते. ओल्या हाताने मोबाइलला बोट लावले की भलतेच काही उघडते. हात पुसूनही कधी कधी टच लागत नाही. नवा फोन घ्यावा का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, इतक्यात नको. या काचेला दाब कळत नाही. तिच्याखाली पारदर्शक विद्युतवाहकांची जाळी असते. बोट टेकले की तिथला विद्युतभार बदलतो आणि फोन ती जागा ओळखतो. खारे पाणीही वीज वाहते, म्हणून थेंबालाच फोन बोट समजतो. बोटाचा स्पर्श ओळखण्याचे हे तत्त्व अभियंते ई. ए. जॉन्सन यांनी इंग्लंडमध्ये १९६५ साली मांडले, तेही विमान वाहतूक नियंत्रणासाठी. मासळीबाजार तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते.

पुसूनही टच लागत नसेल तर आईची बोटे पाहा. माझी आईही मीठ-पाण्यात राबली. तिच्या बोटांची टोके घट्टे पडून कोरडी झाली होती. अशी कातडी वीज नीट वाहू देत नाही. टोकाऐवजी पेराची मऊ बाजू टेकवायला सांगा. काचेवरचे जाड संरक्षक आवरण काढून पाहा. काही फोनच्या सेटिंगमध्ये टच जास्त संवेदनशील करता येतो, तेही तपासा. पाटीजवळ एक सुती फडका फक्त फोनसाठी ठेवा आणि पिन टाकण्याआधी हात व काच दोन्ही पुसा.