पायथॉनमध्ये बेस क्लासची मेथड सुपरने कॉल करावी की क्लासचे नाव लिहून?

ओव्हरराइड केलेल्या, म्हणजे आपल्या क्लासमध्ये नव्याने लिहिलेल्या, मेथडमधून बेस क्लासची, म्हणजे पालक क्लासची, मूळ मेथड थेट क्लासचे नाव लिहूनही कॉल करता येते, मग पायथॉनचे सुपर हे फंक्शन कशासाठी, असे आपण विचारले आहे. बेस क्लास एकच असेल तर दोन्हींचा परिणाम सारखाच होतो. फरक पडतो तो बेस क्लास एकाहून अधिक असले की.

समजा, ‘नोंद’ या क्लासमध्ये ‘जतन’ ही मेथड आहे. ‘दिनांकित’ आणि ‘तपासलेली’ हे दोन क्लास ‘नोंद’पासून तयार केले असून दोघांनीही ‘जतन’ ओव्हरराइड केली आहे, आणि ‘पावती’ हा क्लास या दोघांपासून, याच क्रमाने, तयार केला आहे. ‘पावती’ने दोघांची नावे लिहून त्यांच्या ‘जतन’ कॉल केल्या आणि त्या दोघांनी पुन्हा ‘नोंद’चे नाव लिहून तिची मेथड कॉल केली, तर मूळ ‘जतन’ दोनदा चालते, आणि ती डेटाबेसमध्ये ओळ घालत असेल तर एकाच पावतीच्या दोन ओळी पडतात. तिन्ही ठिकाणी सुपर लिहिल्यास ती एकदाच चालते.

याचे कारण असे की सुपर सरळ बेस क्लासकडे जात नाही; ज्या ऑब्जेक्टवर कॉल झाला आहे त्याच्या क्लासच्या मेथड रिझोल्यूशन ऑर्डरमध्ये, म्हणजे एमआरओमध्ये, चालू क्लासनंतर कोणाचा क्रमांक आहे, तेथून ते शोध सुरू करते. येथे तो क्रम पावती, दिनांकित, तपासलेली, नोंद आणि शेवटी ‘ऑब्जेक्ट’ (पायथॉनमधल्या सर्व क्लासचा मूळ क्लास) असा लागतो. त्यामुळे ‘दिनांकित’मधले सुपर ‘तपासलेली’ची मेथड चालवते, मग ‘दिनांकित’ लिहिणाऱ्याला त्या क्लासची गंधवार्ताही नसो. (जावामध्ये क्लासला एकच पालक क्लास असतो, म्हणून तेथून आलेल्यांना हे पचायला वेळ लागतो.) क्रम ठरवण्याची ही सी३ पद्धत पायथॉन २.३ पासून आहे, आणि पायथॉन ३ मध्ये सुपरच्या कंसात काहीही लिहावे लागत नाही. कंस मात्र विसरू नये.

‘नोंद’च्या ‘जतन’मध्ये सुपर लिहू नये, कारण पुढे उरलेल्या ‘ऑब्जेक्ट’ क्लासकडे ही मेथडच नसल्याने ॲट्रिब्यूट एरर येते. मधल्या एखाद्या क्लासने सुपर न वापरता ‘नोंद’चे नाव लिहिले, तर त्याच्या पुढचे क्लास गुपचूप वगळले जातात आणि कोणतीही एरर दिसत नाही, म्हणून दोन्ही पद्धतींची सरमिसळ मला सर्वांत धोक्याची वाटते. नाव लिहून कॉल करणे मी एकाच प्रसंगी योग्य मानतो: बाहेरच्या लायब्ररीतला क्लास स्वतः सुपर कॉल करत नसेल आणि तो आपल्याला बदलता येत नसेल तेव्हा.