बीकॉम झालंय, अकाउंटंटची नोकरी चालू आहे, आता सीए करू की सीएमए की एमकॉम? नोकरी सोडावी लागेल का?

तुम्ही लिहिलंय की बीकॉमला 58 टक्के आहेत, वय 23, ट्रेडिंग कंपनीत टॅली आणि जीएसटी बघता, घरी पगाराची गरज आहे. मी सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंट आहे, चाकणला एका कंपनीत कॉस्टिंग बघतो, त्याआधी एका सीएंच्या ऑफिसात होतो, म्हणजे दोन्हीकडचं बऱ्यापैकी बघितलंय.

आधी क्लासवाल्यांचे फोन घेणं बंद करा. सगळं ठरतं ते एकाच प्रश्नावर, तुम्हाला पुढे काय करायचंय? कंपन्यांच्या हिशोबांच्या ऑडिट रिपोर्टवर सही करायची, त्याची स्वतःची प्रॅक्टिस टाकायची तर सीएला पर्याय नाही. एसीसीए (ब्रिटनची अकाउंटन्सीची परीक्षा) वगैरे चांगलं आहे, परदेशी कंपन्यांच्या बॅक ऑफिसात चालतं, पण भारतात कंपनीचं ऑडिट त्यावर साइन करता येत नाही, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही. कंपनीतच राहून वर जायचं असेल तर सीएमए पुरतं, आणि कारखान्यांच्या पट्ट्यात, म्हणजे चाकण, भोसरी, रांजणगावला, त्याला मान पण आहे.

नोकरीचं म्हणाल तर लगेच सोडू नका. बीकॉमला 55 च्या वर असल्यामुळे तुम्हाला फाउंडेशन ही पहिली परीक्षा द्यायची गरज नाही, डायरेक्ट एंट्रीने सीए इंटर, म्हणजे मधल्या परीक्षेला रजिस्टर होता येतं. 2023 पासूनच्या नवीन स्कीममध्ये इंटरचे दोन्ही ग्रुप (तीन-तीन पेपरांचे) सुटल्यावरच आर्टिकलशिप (सीएंच्या हाताखालचं ट्रेनिंग) सुरू होते आणि ती 2 वर्षांची आहे, आधी 3 होती. म्हणजे इंटर होईपर्यंत पगार चालू ठेवता येतो. खरी अडचण त्यानंतर, कारण आर्टिकलशिप पूर्ण वेळ असते आणि स्टायपेंड तुमच्या पगाराच्या जवळपासही नसतो. त्या 2 वर्षांसाठी आणि पुढे फायनलच्या आधीच्या 6 महिन्यांसाठी घरात आत्तापासून पैसे बाजूला काढायला लागतील, आणि हे आईवडिलांशी आजच बोला, इंटरचा निकाल लागल्यावर नको. एकेक ग्रुप धरून सगळं पहिल्या फटक्यात झालं तरी साडेचार-पाच वर्षं धरा. सीएमएचं ट्रेनिंग 15 महिन्यांचं आहे आणि अकाउंट्स-फायनान्सच्या नोकरीतला अनुभव त्यात धरता येतो, मी तसंच केलं, त्यामुळे पगार एक महिना पण बंद पडला नाही.

आता अटेम्प्ट कधीचा. सीए इंटर जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते. मार्चएंड, मग स्टॅट्युटरी ऑडिट, जुलैला रिटर्न्स, 30 सप्टेंबरला टॅक्स ऑडिट, यात मे आणि सप्टेंबर म्हणजे नोकरी करणाऱ्याने हात पोळून घ्यायचं काम. जानेवारीच धरा. दिवाळीनंतर जरा श्वास घ्यायला मिळतो. रजिस्ट्रेशननंतर 8 महिने अभ्यासाचे द्यावे लागतात, म्हणजे एप्रिलच्या आत फॉर्म भरलेला हवा. रजा आतापासून साठवा, महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास जीएसटी रिटर्न्स असतात, तेव्हा अभ्यास होणारच नाही हे टाइमटेबलमध्येच लिहून टाका, उगाच रोज 5 तास वगैरे लिहून काय उपयोग.

एक ग्रुप की दोन्ही? नोकरी करत असाल तर एकच. प्रत्येक पेपरला 40 आणि ग्रुपला 300 पैकी 150 लागतात, आणि माणसं लटकतात ती त्या 150 लाच. पण एखाद्या पेपरला 60 पडले तर ग्रुप गेला तरी पुढच्या 3 अटेम्प्टना तो पेपर द्यावा लागत नाही, म्हणून तयारी नाही झाली तरी ग्रुपचे सगळे पेपर बसून द्या, मधेच घरी बसू नका, नाहीतर ती सूट मिळत नाही.

आणि ऑफिसचं काम अभ्यासाला जोडा राव. लेबर काँट्रॅक्टरचं बिल आलं की नुसतं सिनियरने सांगितलं म्हणून टीडीएस (पैसे देतानाच कापायचा टॅक्स) कापू नका. पॅनचं चौथं अक्षर बघा, पी असेल तर व्यक्ती, म्हणून 1 टक्का, सी म्हणजे कंपनी किंवा एफ म्हणजे फर्म असेल तर 2 टक्के, बिल 30 हजारांच्या आत आहे का, वर्षाचं मिळून 1 लाखाच्या वर जातंय का, हे प्रत्येक बिलाला स्वतःशी बोललात की टॅक्सेशनचा तेवढा भाग वेगळा पाठ करायला लागत नाही. फक्त 1 एप्रिल 2026 पासून नवीन आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे मित्राची जुनी पुस्तकं फुकट मिळाली तरी घेऊ नका, तुमच्या अटेम्प्टला काय लागू आहे ते इन्स्टिट्यूटच्या साइटवर बघून त्यांचंच मटेरियल वापरा.

जीडीसी अँड ए चं कोणी सांगितलं नसेल तुम्हाला. सहकार खात्याची परीक्षा आहे, ग्रॅज्युएटला देता येते, आणि पुढे 3 वर्षांचा ऑडिटचा अनुभव झाला की हाउसिंग सोसायट्या, पतसंस्थांचं ऑडिट करायच्या पॅनेलवर जाता येतं, त्यात मराठी येणं ही अट पण आहे, म्हणजे तिथे आपला फायदाच. सीए अर्धवट राहिलेल्या माझ्या ओळखीच्या एकाचं घर त्यावर नीट चालतं.

एमकॉम फक्त कॉलेजात शिकवायचं मनात असेल तरच, आणि मग 55 टक्के पाडून सेट किंवा नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पण द्यायला लागेल. नुसत्या एमकॉमने अकाउंट्सच्या नोकरीत पगार वाढलेला मी तरी बघितला नाही.