सगळ्या आधीच एकमेकींच्या, मी कुठे बसू?

"गट चांगला आहे हो मॅडम, पण त्या सगळ्या आधीपासूनच्या आहेत. मी तिथे उपरीच."

हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेळा उच्चारलं गेलंय की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय. "या वयात कुठे नव्या मैत्रिणी होतात!" वय मात्र दर वेळी वेगळं असतं. कधी तिशीतली, बदलीमुळे नव्या शहरात आलेली मुलगी. कधी निवृत्तीनंतर चालण्याच्या गटात जाऊन दुसऱ्या आठवड्यात परत आलेले गृहस्थ. कधी मुलं परदेशी गेल्यावर हौसेने वाचनगटात नाव घातलेली बाई. सगळे धीर करून जातात, कोपऱ्यात बसतात, तोंडदेखलं हसतात आणि तीन-चार खेपांनंतर जाणं सोडतात. मग स्वतःवर शिक्का मारतात, 'माझं कुणाशी जमतच नाही.'

म्हणून आज एका विणकाम मंडळाची गोष्ट सांगते. जिची आहे तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून. बऱ्याच भेटींमधलं मोजकंच इथे आहे. तिचं नाव घेणार नाही, ताई म्हणेन. समोरही मी ताईच म्हणत असे.

ताई आल्या होत्या झोपेची तक्रार घेऊन. नोकरी हिशेबतपासणीची, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. निवृत्तीनंतर घर शांत झालं, इतकं की संध्याकाळी अंगावर यायला लागलं. लहानपणी शिकलेलं दोन सुयांचं विणकाम पुन्हा काढलं, हातही छान बसला. तेवढ्यात मंडळाबद्दल कळलं. महिन्यातून एकदा दोन तास बैठक. सुरुवातीला पूर्ण झालेल्या वस्तू एकमेकींना दाखवायच्या, थोड्या सूचना, मग ज्या त्या आपापलं काम काढून बसायच्या. मंडळाकडे नमुन्यांच्या पुस्तकांचं एक कपाट आणि उरलेल्या लोकरीची एक पेटी. शिवाय वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी टोप्या आणि चौकोन जोडून केलेली पांघरुणं असं सामाईक काम चालायचं. ताई चार बैठकांना गेल्या. पाचव्या दिवशी त्यांचं डोकं दुखलं. सहाव्या दिवशी दुखायचीही गरज पडली नाही.

"तिथे नेमकं काय होतं?" मी विचारलं.

"काहीच होत नाही, हाच तर प्रश्न आहे. कुणीतरी म्हणते, 'अगं, तो तीन बाह्यांचा स्वेटर!' आणि सगळ्या हसतात. मीही हसते, दोन सेकंद उशिरा. तो स्वेटर कुणाचा, कधीचा, मला काय माहीत! विचारायचं म्हणजे सगळ्यांचं हसू थांबवायचं."

'दोन सेकंद उशिरा' हे मी वहीत लिहून घेतलं. उपरेपणाचं इतकं नेमकं वर्णन मला पुस्तकातही फारसं भेटलेलं नाही.

हिशेब हा ताईंचा प्रांत, म्हणून मी त्यांच्यापुढे आकडेच ठेवले. जेफ्री हॉल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात, चांगल्या मैत्रीला सुमारे ९०, आणि जिवाभावाच्या मैत्रीला २००च्या वर, असा त्यांचा अंदाज. ताईंनी मनातल्या मनात भागाकार केला. "म्हणजे साध्या मैत्रीलाच पंचवीस बैठका. दोन वर्षं."

"आणि तुम्ही?"

"आठ तास." मग स्वतःच म्हणाल्या, "आणि ताळेबंद काढून मोकळी झाले." त्या दिवशी त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना एवढ्यानेही हलकं वाटतं. आपल्यात खोट आहे असं वाटत असताना मुळात वेळच कमी पडलाय हे कळलं, की माणूस पुन्हा उंबरठा ओलांडायला तयार होतो. ताईही गेल्या, आणि महिन्याने परत आल्या त्या थोड्या रागावूनच. "दहा तास झाले मॅडम. फरक शून्य. शेजारच्या बाईंनी लोकर छान आहे म्हटलं, मी धन्यवाद म्हटलं, संपलं." त्यांचं खरंच होतं. एका छताखाली गप्प बसून काढलेले तास मोजण्यात अर्थ नसतो.

मला विणकाम येत नाही. सुलट कुठलं आणि उलट कुठलं हेही कळत नाही. हे अज्ञान माझ्या पथ्यावर पडलं. येत असतं तर पुढचा प्रश्न मी विचारलाच नसता.

"तुम्ही तिथे नेता ते विणकाम कसलं असतं?"

"मफलर. सगळ्या ओळी सुलट. डोळे मिटून होतो."

"आणि घरी?"

"घरी शाल. जाळीची." इथे त्यांचा चेहरा उजळला. हातात सुया नसतानाच त्या मला दाखवू लागल्या, धागा पुढे घेऊन सुईवर एक जास्तीचा वेढा घ्यायचा, पुढचे दोन टाके एकत्र विणायचे, की छिद्र पडतं आणि टाक्यांची संख्याही तीच राहते. सोळा ओळींचा नमुना. एक टाका सुटला तर पाकळी बिघडते. "चार वेळा उसवलीय. रात्री बसते, चुकतं, उसवते. अकराव्या ओळीत दर वेळी काहीतरी होतं. झोप त्यामुळेच उडते बहुतेक."

"मग ही शाल मंडळात का नेत नाही?"

"चुकलं तर?"

हे त्या इतक्या सहज बोलल्या, जणू याचं उत्तर जगजाहीर आहे. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्या पुढे म्हणाल्या, "पूर्ण झाल्यावर नेईन की. दाखवायला."

"तिथे अडलेलं काम काढून कुणी बसतं का?"

त्या बराच वेळ आठवत राहिल्या. "सगळ्याच. एकीचा तर मोजा आहे, टाचेपाशी दोन महिने अडकलेला. दर वेळी काढते, दर वेळी कुणीतरी तिच्यावर झुकलेलं असतं." मग त्या थांबल्या. "तीन बाह्यांचा स्वेटर... तोही चुकलेलाच असणार, नाही का?"

हा क्षण माझ्या कामातल्या फार समाधानाच्या क्षणांपैकी एक. मी काहीही समजावलं नव्हतं. आयुष्यभर चुका शोधणाऱ्या बाईला समोर पडलेली गोष्ट दिसली. त्या मंडळातल्या हसण्याचं, झुकण्याचं, खुर्च्या सरकवण्याचं मूळ कुणाच्या ना कुणाच्या फसलेल्या कामात होतं. आणि ताई मात्र तिथे न फसणारं एकमेव काम घेऊन बसत होत्या. मफलरमध्ये कुणाला डोकावायला जागाच नव्हती.

माझ्या विचारांवर मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांचा प्रभाव आहे, तो मी लपवत नाही. माणसाला आपण कुठेतरी सामावलेलो आहोत असं वाटणं हीच मूळ गरज, आणि ते वाटतं इतरांच्या उपयोगी पडण्यातून, हे त्यांच्या मांडणीचं सार. इतक्या वर्षांच्या कामातून मी त्याला माझा एक छोटा तुकडा जोडलाय. नव्या गटात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडायला जाणं बहुतेकांना अवघड जातं, ते आगाऊपणाचं वाटतं. त्याआधी एक सोपी पायरी असते, दुसऱ्याला आपल्या उपयोगी पडू देणं. मदत मागणारा माणूस ओझं होतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो समोरच्याला एक जागा देतो, आणि त्या जागेच्या शेजारीच त्याची स्वतःची जागा तयार होते. ताईंना कुणी आत घेत नव्हतं हे जितकं खरं, तितकंच त्यांनीही कुणाला आत येऊ दिलं नव्हतं.

पुढच्या बैठकीला शाल न्यायची, अकराव्या ओळीत अडलेली असतानाच, एवढंच ठरलं. ताईंच्या जिवावर आलं होतं. "आणि हसल्या तर?" असं त्यांनी दारातून वळून विचारलं. मी म्हटलं, "हसल्या तर निदान या वेळी कशावर हसतात ते तुम्हाला माहीत असेल."

नंतरची हकीकत त्यांनी सांगितली तशीच देते. शाल काढली आणि शेजारच्या बाईंना विचारलं, "इथे टाका सुटलाय का हो?" सुटलाच होता, तीन ओळी खाली उतरलेला. त्या बाईंनी पर्समधून क्रोशाची सुई काढली. साध्या विणीतला टाका सुईने वर उचलता येतो, पण जाळीत कुठला टाका कुणाशी जोडला होता हेच कळेना. समोरच्या आजी म्हणाल्या, उसव सरळ. तिसरी म्हणाली, उसवायचं कशाला, मी बसवते. दोघींची जुंपली. दहा मिनिटांत चार डोकी शालीवर आणि ताई मधोमध. शेवटी उसवावंच लागलं. पण आजींनी त्यांना एक युक्ती दिली. नमुना एकदा पूर्ण झाला, की वेगळ्या रंगाचा बारीक दोरा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून तिथेच राहू द्यायचा. पुढे चुकलं तर उसवताना काम त्या दोऱ्यापाशी थांबतं, सगळं हातचं जात नाही. (यावर जीवनाविषयीचं भाष्य करण्याचा मोह मला झाला होता. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आवरलं.)

त्याच दिवशी निघताना मोज्यावाल्या बाईंनी हाक मारली, "अहो, जरा हात द्या." लोकरीची लड होती. दोन्ही मनगटांवर ताणून धरायची, समोरची तिचा गुंडा करत जाते. एकटीला हे काम करायचं तर खुर्चीच्या पाठीवर अडकवून करावं लागतं. ताई अर्धा तास हात पसरून उभ्या होत्या. "हात दुखले. पण बाई बोलत होत्या. मुलाचं, सुनेचं, गुडघ्याचं. माझ्याकडे बघतही नव्हत्या, लक्ष धाग्यावर."

नजर हातातल्या कामावर असली की जीभ सैल सुटते, हे मी किशोरवयीन मुलांच्या पालकांनाही सांगते. समोरासमोर बसून 'बोल, काय झालं' म्हटलं की मूल कानकोंडं होतं, शेजारी बसून काहीतरी निवडता-लावताना आपोआप बोलतं. विणणाऱ्यांच्या गटात ही सोय आयतीच असते. सुयांवर विणकाम करणाऱ्या ३,५४५ जणांची एक पाहणी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या व्यवसायोपचाराच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या, नियतकालिकात आली होती. वरचेवर विणणाऱ्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचं जास्त सांगितलं, आणि गटात विणणाऱ्यांनी आनंदाबरोबर लोकसंपर्क वाढल्याचंही. पाहणी लोकांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेली आहे, त्यामुळे विणकाम हे औषध आहे असा दावा मी करणार नाही. ताईंची झोप सुधारली, त्यात रात्री उसवणं बंद झाल्याचाही वाटा असणार.

आता जे हे वाचताना 'माझंही असंच' म्हणत आहेत त्यांच्यासाठी. अख्ख्या गटाशी ओळख करायला जाऊ नका, गट नावाचा माणूस नसतो. शेजारच्या खुर्चीतली एक व्यक्ती पुरे. तिला मत विचारू नका, कारण 'कसं वाटतं?'चं उत्तर 'छान' असतं आणि संवाद तिथेच आटोपतो. अडलेली गोष्ट दाखवा. बैठकीच्या दहा मिनिटं आधी जा. खुर्च्या मांडताना कुणी कुणाचं जुनं-नवं बघत नाही. महिन्यातून एकदाच भेट असेल तर मधल्या काळातलं सामाईक काम मागून घ्या. पांघरुणाचा एक चौकोन, एक टोपी, काहीही. कुणाची वीण घट्ट, कुणाची सैल, त्यामुळे एकाच मापाचे म्हणून केलेले चौकोन कधीच एका मापाचे येत नाहीत. ते जोडताना जी वादावादी होते, त्यात तुमचेही तास जमा होतात.

आणि घरी परतल्यावर 'मी किती बावळट दिसले' ही उजळणी सुरू होते, तिच्यावर फार विश्वास ठेवू नका. अनोळखी लोकांच्या संभाषणांवर २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आणखी एका संशोधनात दिसलं, की आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणसं सरसकट कमी बांधतात. समोरचाही घरी जाऊन हेच करत असतो.

काही गट खरोखर बंद असतात, हेही सांगायला हवं. तुम्ही अडलेलं दाखवलं, हात पुढे केला, खुर्च्या लावल्या, आणि तरीही महिनोन्महिने तुमचं नावसुद्धा कुणाला माहीत नसेल, किंवा नवख्याच्या चुकीवर हसतात आणि जुन्याच्या चुकीवर झुकतात असं दिसत असेल, तर तो गट सोडा. अशा वेळी चिकाटी दाखवण्याची काहीही गरज नाही. फक्त हा निर्णय मफलर विणत बसून घेऊ नका.

ताई शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा वैतागलेल्या होत्या. उरलेल्या लोकरीची पेटी त्यांच्याकडे सोपवली होती. त्यांनी ती रंगांप्रमाणे लावली. मोज्यावाल्या बाईंचं म्हणणं, जाडीप्रमाणे लावायला हवी होती. तीन दिवस फोनवर धुसफूस चालू होती. "इतकी हट्टी बाई मी पाहिली नाही मॅडम! आता सगळी पेटी पुन्हा उपसायची म्हणते. उद्या सकाळी येतेय घरी." मी पुढच्या भेटीची तारीख विचारली. त्यांनी डायरी उघडली, त्या आठवड्यात चौकोन जोडायचे होते. पुढच्या आठवड्याचंही काही नक्की नव्हतं.