‘-यचो’ आणि ‘मोनो दा’

प्रश्न : मी जपानी शिकत आहे. मुलाखतीच्या सरावात ‘आधीच्या कंपनीत मी रोज सकाळी ८ वाजता कामावर जायचो’ हे सांगताना मी ‘शुक्किन शिता मोनो देसु’ असे म्हटले. व्याकरण बरोबर असले तरी ते इथे शोभत नाही, असे शिक्षिका म्हणाल्या. पूर्वीच्या सवयीसाठी ‘-ता मोनो दा’ (सभ्य बोलण्यात ‘-ता मोनो देसु’) वापरतात ना? मग चुकले कुठे?

उत्तर : तुमच्या शिक्षिकांचे म्हणणे योग्य आहे. मराठीतले ‘-यचो’ हे रूप दोन कामे करते: एखादी गोष्ट पूर्वी नेहमी घडत होती एवढी माहिती ते देते, आणि त्या आठवणीने मन भरून आले तरी आपण तेच रूप वापरतो; भाव कोणता, हे आवाजावरून कळते. जपानीत कोऱ्या माहितीसाठी ‘-ते इता’ (सभ्य बोलण्यात ‘-ते इमाशिता’) हे रूप आहे, त्यामुळे मुलाखतीत ‘माए नो काइशा दे वा माइआसा हाचिजी नि शुक्किन शिते इमाशिता’ एवढेच म्हणावे. ‘मोनो देसु’ जोडताच ऐकणाऱ्याला वाटते, की तुम्ही ते दिवस आठवून हळवे झाला आहात.

‘कोदोमो नो कोरो, योकु कोनो कावा दे ओयोइदा मोनो दा’ या वाक्यात मात्र ते चपखल बसते: ‘लहानपणी या नदीत किती पोहायचो आम्ही!’ यातली रचना मला फार सुंदर वाटते. ‘ओयोइदा’ हे भूतकाळी क्रियापद ‘मोनो’ या नामाचे विशेषण होते आणि शेवटचा ‘दा’ वर्तमानकाळी राहतो. म्हणजे पोहणे तेव्हाचे, पण त्याकडे वळून पाहणारा आज इथे उभा असतो. ‘वारंवार’ या अर्थाचा ‘योकु’ अशा वाक्यात बहुधा सोबत असतो, आणि घरगुती बोलण्यात ‘मोनो दा’चे ‘मोन दा’ होते.

क्रियापद भूतकाळी नसेल तर अर्थ पालटतो. ‘आकाचान वा नाकु मोनो दा’ म्हणजे तान्हे मूल रडायचेच, तो त्याचा स्वभावच. गंमत अशी, की इथेही मराठीत ‘-यचे’च येते, म्हणूनच आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी ‘-यचो’ दिसताच ‘मोनो दा’ लिहिण्याची घाई करू नये, असे मला मनापासून वाटते.

एकदाच घडलेली गोष्टही यात बसत नाही. फुजी पर्वत एकदा चढला असाल, तर अनुभव सांगणारे ‘नोबोत्ता कोतो गा आरु’ हेच रूप हवे. गेल्या आठवड्यातल्या घटनेलाही ‘मोनो दा’ लावून तो स्मरणाचा भाव येत नाही, कारण त्यासाठी मधे बराच काळ लोटलेला असावा लागतो.