ओळ टिपताना पुढची ओळही वाचा

आवडलेल्या ओळी टिपायला वही सुरू केलीत, छान. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ओळ तशीच उतरवू नका; शब्द बदललेले असतात आणि नाव कुणाचंही चिकटवलेलं असतं.

'जगी सर्वसुखी असा कोण आहे' ही ओळ लोक उसासा टाकायला वापरतात. मनाच्या श्लोकांत लगेच पुढे आहे, 'विचारी मना तूचि शोधूनि पाहे', आणि मग 'मना त्वाचि रे पूर्वसंचीत केले'. म्हणजे हे सांत्वन नव्हेच, मनाची झडती आहे. म्हणून चारही चरण उतरवा.

बोलतंय कोण, तेही पाहा. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधला स्वतःशी प्रामाणिक राहण्याचा उपदेश राजाचा मंत्री पोलोनियस आपल्या मुलाला करतो (अंक 1, प्रवेश 3). हेच गृहस्थ दुसऱ्या अंकात त्याच मुलावर पाळत ठेवायला माणूस धाडतात! ओळ खोटी ठरत नाही, चव मात्र बदलते.

पानावर एकच ओळ घ्या. खाली ग्रंथ, प्रकरण, आवृत्तीचं साल, पान. साल राहिलं तर पान क्रमांक फुकट, कारण आवृत्तीगणिक पानं सरकतात. लोकलमध्ये वाचताना पानाचा फोटो काढलात तर शीर्षकपानाचाही काढा. पडताळणीला दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच.