आई ईमेलमधलं काहीही उघडते, घरच्या कॉम्प्युटरला व्हायरसपासून वाचवायला कोणता अँटीव्हायरस घेऊ?

अँटीव्हायरसचं सांगते, पण त्याआधी "आई काहीही उघडते" हे जे लिहिलंयस ना, ते वाक्य आमच्या घरात गेली पंचवीस वर्षं चालू आहे आणि मला ते आता ऐकवत नाही.

मे २०००, सुट्ट्या चालू होत्या. सांगलीला आमच्याकडे विंडोज ९८ चा कॉम्प्युटर, डायल-अप लावलं की फोन बंद. माझी मामेबहीण कॉलेजची तीन वर्षं आमच्याकडे राहिलेली, तेव्हा नुकतीच मुंबईला नोकरीला लागलेली, तिच्या ऑफिसच्या आयडीवरून आईला मेल आली, विषय 'आय लव्ह यू', सोबत एक फाइल. आता जिला पोटच्या पोरीसारखं जेवूखाऊ घातलं तिनं असं लिहिलं तर कुठली आई उघडणार नाही? आईनं फाइल डेस्कटॉपवर सेव्ह केली, तिथं नावाच्या शेवटी नुसतं टीएक्सटी दिसत होतं, म्हणजे साधं पत्र. त्याच्यापुढे अजून एक व्हीबीएस होतं ते विंडोजनं लपवलेलं, कारण ओळखीची एक्स्टेंशन, म्हणजे फाइलच्या नावाची शेवटची अक्षरं, लपवायची हे सेटिंग आधीपासूनच चालू असतं. ते पत्र नव्हतं, प्रोग्राम होता, 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस, आणि बहिणीच्या ऑफिसातून त्यानंच स्वतःला पुढे पाठवलेलं. डबल क्लिक केलं आणि डिस्कवरच्या सगळ्या जेपीजी फाइल्सवर त्यानं स्वतःची कॉपी लिहून टाकली. नुसतं डिलीट नाही, ओव्हरराइट, म्हणून परत मिळाल्याच नाहीत.

त्यात दादानं तीन रविवार बसून स्कॅन केलेले आजोबांचे फोटो होते. मूळ अल्बम काकांकडे परत गेलेला, तो २००५ च्या पुरात गेला. आजोबांचा एकच फोटो वाचला, मोठा करून आणायला स्टुडिओत दिलेल्या फ्लॉपीवर होता म्हणून.

तेव्हापासून दर दिवाळीला दादाचं एकच, "आईनं क्लिक केलं नसतं तर". अरे पण त्याच आठवड्यात ब्रिटनच्या संसदेला आपली मेल बंद ठेवावी लागली, अमेरिकेच्या लष्कराच्या मुख्यालयात, पेंटागॉनमध्येसुद्धा तो व्हायरस शिरला, मग सांगलीतल्या बाईनं काय ओळखायचं? फिलिपिन्समध्ये मनिलातल्या एका पोरानं लोकांचे इंटरनेटचे पासवर्ड चोरायला तो लिहिलेला, आणि तिकडे तेव्हा कायदाच नव्हता म्हणून तो सुटला. तो सुटला पण माझी आई नाही सुटली. ती आजही मेल उघडायच्या आधी कुणालातरी हाक मारते. फोटोंची एक सीडी करून ठेवायची हे काम कॉम्प्युटरवाल्या माणसाचं होतं आणि आमच्या घरात तो माणूस दादा होता.

तर तुझ्या प्रश्नाचं. विकतचा अँटीव्हायरस नको, विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरासाठी पुरतो, फक्त अपडेट बंद करू नकोस. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेंशन्स दिसतील असं आजच कर. आईला स्टँडर्ड, म्हणजे कमी हक्कांचं, अकाउंट दे, अ‍ॅडमिन नको. वर्डची फाइल 'एनेबल कंटेंट' म्हणाली तर ते दाबायचं नाही, आणि मेलमध्येच पासवर्ड लिहिलेली झिप आली तर उघडायचीच नाही, तो पासवर्ड बहुतेकदा स्कॅनरला आत बघता येऊ नये म्हणूनच असतो. ओळखीच्या माणसाची मेल आहे म्हणून भरवसा नको, आमची ओळखीच्याच माणसाची होती, आधी फोन करून विचारायचं. आणि एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घे, महिन्यातनं एकदा लावून कॉपी कर आणि काढून कपाटात ठेव. लावूनच ठेवलीस तर तीही जाणार.

हां, विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे नुसत्या डिफेंडरवर विसंबता येणार नाही, ११ वर जा. आणि स्टँडर्ड अकाउंट दिलं तरी आईच्या स्वतःच्या फाइल्स त्यानं वाचत नाहीत, त्याला हार्ड डिस्कच लागते.

ती हार्ड डिस्क आईला आणायला लावू नकोस, तू आण, आणि कॉपीसुद्धा तूच कर. दादालाही या दिवाळीत हेच सांगणार आहे, आईसमोर.