सीसीडी स्टारबक्समुळे घसरली नाही

प्रश्न दोन आहेत: कॅफे कॉफी डेची (सीसीडीची) पडझड स्टारबक्समुळे झाली का, आणि 'मालविका हेगडेंनी सात हजार कोटींचं कर्ज फेडून कंपनी वाचवली' ही सगळीकडे फिरणारी पोस्ट कितपत खरी? (मालविका या सीसीडीचे संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ यांच्या पत्नी.) पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्याचं 'अर्धीच खरी'.

स्टारबक्सने टाटांबरोबर मुंबईत हॉर्निमन सर्कलला पहिलं दुकान उघडलं ते ऑक्टोबर २०१२ मध्ये. त्यानंतर साडेसहा वर्षांनी, २०१९ च्या मार्चअखेर, त्यांची भारतातली दुकानं दीडशेच्या आसपास होती आणि सीसीडीची सतराशेच्या वर. हा काही हरणाऱ्याचा आकडा नाही.

सिद्धार्थ हे चिकमगळूरच्या कॉफीमळेवाल्या घरातले, पण धंदा शिकले मुंबईत, जेएम फायनान्शियलमध्ये, शेअर बाजारात. तेव्हा मळेवाल्याला आपली कॉफी कॉफी बोर्डाकडेच जमा करावी लागे. विक्री बोर्डाची, आणि पैसे मिळायचे हप्त्याहप्त्याने. नव्वदीच्या दशकात ही सक्ती उठली, सिद्धार्थ निर्यातीत उतरले आणि १९९६ मध्ये बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे उघडलं. कॉफीसोबत इंटरनेट हे तिथलं आकर्षण होतं. मळा त्यांचा, भाजणी त्यांची, ऑफिसांत लागणारी मशिन त्यांची, फर्निचरसुद्धा घरच्याच कंपनीचं. बी ते कप अशी पूर्ण साखळी त्यांच्या हाताशी होती, आणि याबद्दल मला त्यांचं आजही मनापासून कौतुक आहे.

मात्र कॅफेच्या धंद्यात स्वस्त कॉफीचा फायदा वाटतो तेवढा नसतो. एका एस्प्रेसोला सात ते नऊ ग्रॅम पूड लागते, म्हणजे एका किलोत शंभराहून जास्त कप सहज निघतात. खर्च खरा असतो तो जागेचं भाडं, पगार आणि वीज यांचा. कॉलेजची चार मुलं एका कॅपुचिनोवर तीन तास बसली, तर भाडं त्या टेबलावरून निघत नाही. तरुणांना निवांत बसू देणं हीच सीसीडीची ओळख होती आणि तीच तिची महागडी बाजूही. त्यामानाने ऑफिसांतली व्हेंडिंग मशिनं हा शांतपणे पैसे देणारा धंदा. जागा गिऱ्हाइकाची, भाड्याचा प्रश्नच नाही. अशी पन्नास हजारांच्या आसपास मशिनं त्यांनी लावली होती, आणि लोक या भागाकडे फार दुर्लक्ष करतात.

तरीही फार नफा न देणारी कॅफे कंपनी हळूहळू आकसते, अशी कोसळत नाही. कोसळली ती कर्जाने. सिद्धार्थ यांनी कॉफीबरोबरच टेक पार्क, मालवाहतूक, शेअर दलाली आणि माइंडट्री या आयटी कंपनीतली गुंतवणूक असा पसारा उभा केला. २०१५ मध्ये ३२८ रुपये भावाने आयपीओ (शेअरची पहिली जाहीर विक्री) आला, आणि पहिल्याच दिवशी शेअर आपटला. जुलै २०१९ च्या शेवटी सिद्धार्थ यांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या चौकशीत आणि शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या जानेवारी २०२३ च्या आदेशात जे पुढे आलं, ते या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे: सूचिबद्ध कंपनीच्या सात उपकंपन्यांमधून ३,५३५ कोटी रुपये एमएसीईएल या प्रवर्तक कुटुंबाच्या खासगी कंपनीकडे गेले होते. सेबीने २६ कोटींचा दंड केला. एवढा पैसा बाहेर जात असताना संचालक मंडळ आणि लेखापरीक्षक काय करत होते, हा प्रश्न मला या गोष्टीत सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्या पोस्टमध्ये तो कधीच नसतो.

आता कर्जाचं. मार्च २०१९ मध्ये समूहावर सात हजार कोटींच्या वर कर्ज होतं, दोन वर्षांत ते दोन हजार कोटींच्या आत आलं. पण कसं? माइंडट्रीतला सुमारे वीस टक्के हिस्सा एल अँड टीला साधारण ३,२०० कोटींना विकला गेला. तो व्यवहार खुद्द सिद्धार्थ यांनी हयातीत, एप्रिल २०१९ मध्ये, पूर्ण केला होता. नंतर बेंगळुरूचा ग्लोबल व्हिलेज टेक पार्क ब्लॅकस्टोन आणि सत्त्व यांना सुमारे २,७०० कोटींना गेला. म्हणजे कर्ज उतरलं ते मुख्यतः मालमत्ता विकून, कॉफी विकून नव्हे.

मालविका हेगडे डिसेंबर २०२० मध्ये सीईओ झाल्या, ऐन कोविडमध्ये, कॅफे ओस पडलेले असताना. त्यांचं श्रेय दुसरीकडे आहे. तोट्यातली दुकानं त्यांनी निर्दयपणे बंद केली. २०२४ पर्यंत ती साडेचारशेच्या आसपास उरली होती. घरातल्या एवढ्या दुःखानंतर सावकारांसमोर बसून हे काम करायला धैर्य लागतं, आणि ते मी कमी लेखत नाही. फक्त त्याला 'कर्ज फेडलं' म्हणू नये.

एमएसीईएलकडच्या पैशांची वसुली कशी करायची, हे सांगायला कंपनीने २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती मंजुनाथ यांना नेमलं. ३२८ रुपयांना शेअर घेतलेल्या छोट्या गुंतवणूकदाराच्या हाती गेली काही वर्षं शंभराच्या कितीतरी खालचा भाव आहे. ही कंपनी सावरली का, हे तपासायचं असेल तर नवी कॅफे मोजू नका. वार्षिक अहवालात एमएसीईएलकडून येणं असलेली रक्कम दर वर्षी किती घटते ते बघा.